देवगडच्या पेटीमागचं गणित

एप्रिल उजाडला की वाशीच्या बाजारात देवगडची आणि रत्नागिरीची पेटी शेजारी शेजारी लागते. दोन्ही हापूसच. तरी ‘आमच्याकडे देवगडशिवाय दुसरा चालत नाही’ म्हणणारी घरं मुंबईत कितीतरी. पण हंगामभर त्यांच्या घरी कुठल्या पेट्या येतात?

ब्रिटनमधले संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू एरेनबर्ग यांनी ग्राहकांच्या खरेदीच्या वह्या तपासत असल्या प्रश्नांवर उभी हयात घालवली. गुडहार्ट आणि चॅटफिल्ड यांच्यासह १९८४ मध्ये त्यांनी ‘डिरिक्ले’ प्रतिमान मांडलं. त्यात प्रत्येक घर आपापल्या वेगानं खरेदी करतं आणि प्रत्येक नाव उचलण्याची त्या घराची एक ठरलेली शक्यता असते. एखादं घर दहातल्या नऊ वेळा देवगड घेईल, दुसरं चारदा.

समजा, शंभर घरं प्रत्येकी चार पेट्या घेतात. मोठ्या नावाचा वाटा ६० टक्के, धाकट्याचा २०. घराघरांतल्या आवडीत बऱ्यापैकी फरक धरून हे गणित सोडवलं, तर मोठं नाव ८१ घरांत पोचतं, सरासरी तीन पेट्या. धाकटं पोचतं फक्त ३६ घरांत, आणि तिथंही सरासरी सव्वादोनच पेट्या. चारही पेट्या त्याच्याच घेणारी घरं जेमतेम सात! धाकट्याला गिऱ्हाईक कमी आणि त्या गिऱ्हाइकाची ओढही कमी. हा दुहेरी फटका विल्यम मॅकफी यांनी १९६३ मध्येच दाखवला होता. म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना घट्ट धरून ठेवण्यापेक्षा नवी घरं जोडण्यातच धाकट्या नावाची वाढ असते.

आमच्या बागायतदारांची अडचण मात्र याच्याही आधीची आहे. पेटीवर जे नाव, तोच आंबा आत, हे प्रतिमानानं गृहीतच धरलेलं असतं. देवगड छापलेल्या खोक्यात कर्नाटकचा आंबा भरला, की देवगड न चाखताच ते घर देवगडवर नाराज होतं. हा अन्याय फार मोठा आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रिकामी छापील खोकी बाजारात फिरतच राहिली. २०२५ च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर आणला. गिऱ्हाइकानं तपासलेल्या क्रमांकांची हंगामागणिक नोंद राहिली, तर अस्सल देवगड पुन्हा पुन्हा घेणारी घरं किती, हे बागायतदारांना अंदाजानं नव्हे, आकड्यांनी कळेल. ती नोंद संस्थेनं जरूर ठेवावी.