अँजेला त्रिंदाद : चित्रकाराची लेक

डहाणू तालुक्यात अगदी समुद्राला लागून वरोर नावाचे गाव आहे. तिथे आणि शेजारच्या वाढवण, चिंचणीकडे कित्येक घरांतून डाय बनविण्याचे काम चालते. पोलादाच्या तुकड्यावर बारीक नक्षी कोरायची, तो झाला साचा. या साच्यावर पत्रा दाबला की दागिन्याची पाकळी उठते. हे काम पुस्तकात वाचून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी बसावे लागते, त्याचा हात पाहावा लागतो, चुकावे लागते, बोलणी खावी लागतात. बापाशेजारी मुलगा बसतो आणि कसब घरात राहते.

पण त्याच घरात मुलगीही वाढत असते. तीही ते सगळे पाहत असते. तिने पाहिलेल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. म्हणून आज मी तुम्हांला एका चित्रकाराच्या लेकीची हकीकत सांगणार आहे. त्यांचे नाव अँजेला त्रिंदाद.

त्रिंदाद हे घराणे मूळचे गोव्याचे, ख्रिस्ती, कॅथॉलिक पंथाचे. आपल्या डहाणू-वसईच्या किनाऱ्यावरही एके काळी पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो उठविला. गोव्यात मात्र तो १९६१ पर्यंत टिकला. त्या गोव्यात १८७० साली अँजेलाबाईंचे वडील जन्मले. त्यांचे नाव अंतोनियो झेवियर त्रिंदाद. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईला सर जे. जे. कलाशाळेत आले. ही शाळा १८५७ साली निघाली. त्रिंदाद तिथे आधी विद्यार्थी होते आणि पुढे पुष्कळ वर्षे शिक्षक होते.

त्यांचा हात बसला होता तैलरंगात, आणि त्यातही माणसांच्या चित्रांत. काळोखातून चेहऱ्यावर उजेड कसा उतरतो, हे ते असे रंगवीत की लोक त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रँट’ म्हणू लागले. रेम्ब्रँट हा सतराव्या शतकातला हॉलंडचा थोर चित्रकार. १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्रिंदादांना मिळाले. ते चित्र राजेरजवाड्यांचे नव्हते. ते होते त्यांच्या पत्नीचे, फ्लोरेंतिनाबाईंचे. चित्राचे नाव ‘फ्लोरा’. घरातली बाई, घरातला उजेड आणि त्यावर सुवर्णपदक! तेव्हा अँजेला दहा-अकरा वर्षांची होती. तिचा जन्म १९०९ चा, मुंबईचा.

ज्या घरात आईचे चित्र बापाने काढलेले असते, त्या घरातल्या मुलीला चित्र ही परकी वस्तू वाटत नाही. पहिले धडे अँजेलाला वडिलांकडूनच मिळाले. मग तीही जे. जे. मध्ये दाखल झाली.

तिथले शिक्षण कसे असे, ते आपल्या शिक्षक बंधुभगिनींना थोडे सांगतो. आरंभी समोर प्लास्टरचा पांढरा पुतळा ठेवीत. कोळशाच्या कांडीने त्याचे चित्र काढायचे. रंग नाहीच, नुसता उजेड आणि सावली. नाकाची सावली ओठावर कुठे पडते, गालाचा फुगीरपणा कुठे संपतो, हे महिनोन् महिने घोटायचे. ते साधले की मग जिवंत माणूस समोर बसवायचा, आणि शेवटी तैलरंग हाती घ्यायचे. ही युरोपची रीत. अँजेलाबाईंनी ती पुरी आत्मसात केली आणि प्रदर्शनांतून बक्षिसेही मिळविली.

याच काळात त्याच शाळेत आणखी एक चित्रकाराची लेक शिकत होती. प्रसिद्ध चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांची कन्या अंबिका. त्यांचा जन्म १९१२ चा, आणि १९३१ साली त्यांनी जे. जे. ची पदविका घेतली. एक घर हिंदू, एक घर ख्रिस्ती. पण दोन्ही घरांतल्या बापांनी मुलीच्या हातात ब्रश दिला. मुलींना चार इयत्ता शिकवून थांबण्याचे ते दिवस, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीची किंमत कळते.

१९३५ साली वडील वारले. अँजेलाबाई तेव्हा पंचविशीच्या आसपास होत्या. आता खरी परीक्षा होती. बापासारखीच चित्रे काढीत राहिले तर लोक म्हणणार, त्रिंदादांची मुलगी आहे, हात चांगला आहे. त्यापुढे काय?

याचे उत्तर शोधायला जे. जे. मधलीच आणखी एक हवा त्यांच्या उपयोगी पडली. १९२० नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन हे त्या शाळेचे प्रमुख असताना भिंतीवरील मोठ्या चित्रांचा वर्ग निघाला होता, आणि विद्यार्थ्यांची नजर अजिंठ्याकडे वळली होती. अजिंठ्याची रीत वेगळी. तिथे सावलीपेक्षा रेषेचे राज्य. अर्धमिटले डोळे, किंचित झुकलेली मान, बोलणारी बोटे. एका वाहत्या रेषेत सगळे शरीर उभे राहते. अँजेलाबाईंनी ही रेषा घेतली आणि तिच्यात आपल्या धर्मातले विषय मांडले. येशूची आई मरिया त्यांच्या चित्रात साडी नेसून आली. चेहरे, वस्त्रे, बसण्याची धाटणी, सगळे या देशातले झाले.

मंडळी, आज हे ऐकताना त्यात विशेष काही वाटणार नाही. पण तेव्हाची परिस्थिती ध्यानात घ्या. आपल्याकडल्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, आणि ख्रिस्ती घरांत ज्या तसबिरी असत, त्या बहुधा युरोपच्या धाटणीच्या. गोरा वर्ण, पिंगट केस, निळा झगा. पिढ्यान् पिढ्या त्याच रूपासमोर मेणबत्ती लावलेली. डोळ्यांना सवय झाली की तेच रूप खरे वाटते. गोव्याचेच दुसरे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनीही साडीतली मरिया रंगविली, तेव्हा त्यांना स्वधर्मीयांची पुष्कळ टीका सोसावी लागली. भाविकाला वाटे, ही आमची माउली नव्हे. आणि बाहेरचा म्हणे, तुमचा धर्मच परदेशी. दोन्हीकडून कोंडी. त्या कोंडीत या चित्रांनी वाट काढली.

खरे तर भाषेने ही वाट तीनशे वर्षांपूर्वीच काढली होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात मराठी शिकून ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीत येशूची कथा बसली, ती लोकांनी ऐकली, म्हटली. कानाला जे मानवले, ते डोळ्याला मानवायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. उपासनेत लोकांची बोली मोकळेपणाने आणण्याचा कॅथॉलिक पंथाचा निर्णय तर १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतला. अँजेलाबाईंची साडीतली मरिया त्याच्याही आधीची आहे.

पुढे त्यांच्या चित्रांची प्रदर्शने अमेरिकेतही भरली. आणि ज्या चित्रांकडे काहीजण संशयाने पाहत, त्यांच्या कर्तीला पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत धर्मपीठाकडून ‘प्रो एक्लेसिया एत पोंतिफिचे’ हे सन्मानपदक मिळाले.

इथे थांबल्या असत्या तरी चालले असते. पण त्या थांबल्या नाहीत. उतारवयात त्यांनी तिसरीच रीत काढली. त्रिंदाद या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून एक, असे ख्रिस्ती लोक मानतात, ते हे त्रैक्य. अँजेलाबाईंनी त्रिकोण घेतला आणि त्रिकोणांची जुळणी करून चित्रे उभी केली. या रीतीला नाव मिळाले ‘त्रिंदादिझम’. बघा हं, बापाकडून आलेले आडनाव. पण त्याचा अर्थ उलगडून त्यातून स्वतःची चित्रे घडविली ती लेकीने.

अँजेलाबाई १९८० साली वारल्या. बापलेकीची पुष्कळ चित्रे परदेशी गेली होती. अमेरिकेत जॉर्जिया संस्थानातल्या एका कलासंग्रहालयाने १९९६ साली वडिलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. नंतर, त्रिंदाद घराण्यातल्या एस्थर यांच्या नावाच्या ट्रस्टने बापलेकीच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीच्या ‘फुंदासांव ओरिएंत’ या संस्थेकडे दिला. ज्या गोव्यातून अंतोनियो त्रिंदाद निघाले, तिथे ती चित्रे परत आली. कुणी गोव्याला गेलात तर समुद्र पाहाच, पण या चित्रांसाठीही तासभर काढा. बापाची चित्रे आणि लेकीची चित्रे जवळजवळ पाहायला मिळणे ही दुर्मिळ गोष्ट आहे.

आता परत आपल्या डहाणूकडे येतो. आपल्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात तो सवाशिणी. सासू-आईचा हात पाहून तांदळाच्या पिठाने त्या लिहीत आल्या. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला कागदावर आणली, जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि ते असावेच. पण त्यांच्याआधी ज्यांनी भिंती लिहिल्या, त्या बायांची नावे कुणी टिपून ठेवली?

म्हणून गुरुजींना आणि शाळेतल्या बाईंना माझी एवढीच विनंती. वर्गातल्या एखाद्या मुलीने चित्र काढून आणले, तर “छान आहे” म्हणून परत देऊ नका. हे कुणाकडून शिकलीस, असे तिला विचारा. आजी म्हणेल, बाप म्हणेल, शेजारची काकू म्हणेल. चित्राच्या कोपऱ्यात तिचे नाव, तारीख आणि शिकविणाऱ्याचे नाव तिच्याकडूनच लिहवून घ्या आणि ते चित्र शाळेच्या कपाटात जपून ठेवा. त्रिंदाद घरात चित्रे जपणारे कुणी होते, म्हणून तर आज मी तुम्हांला ही हकीकत सांगू शकलो.