जुना रंग उतरवण्यापूर्वी

फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीच्या तळहाताएवढ्या धातूच्या मोटारी १९३४ पासून ‘डिंकी टॉइज’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. मोटारी मात्र आजही या हातातून त्या हातात फिरत आहेत. डिंकीचे काही साचे पुढे कलकत्त्यास आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ घडल्या, म्हणून आपल्याकडील एखाद्या जुन्या कपाटातही ही वंशावळ सापडू शकते.

टवके उडालेली अशी मोटार विकत घेतली की तिचा रंग काढून नवा देण्याचा मोह होतो. येथे घाई करू नये. कारखान्यातील मूळ रंग हेच या वस्तूचे भांडवल होय. नव्या रंगाने चकाकणाऱ्या मोटारीपेक्षा थोडे टवके उडालेली मूळ मोटार संग्राहक अधिक मोलाची मानतात, आणि एकदा उतरवलेला रंग पुन्हा खात्यावर जमा होत नाही. माझ्या मते, जिच्यावर पूर्वीच्या मालकाने घरगुती रंगाचा कुंचला फिरवला आहे किंवा जिचा रंग जवळजवळ गेलाच आहे, तीच मोटार या कामास घ्यावी.

प्रथम बुडाकडील रिव्हेटचे डोके बारीक ड्रिलने काढून प्लास्टिकच्या काचा व टायर वेगळे करावेत. रसायनाने ते विरघळतात. कॉस्टिक सोड्याचा घरगुती उपाय टाळावा. मोटारीचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि सोडा जस्तालाच खातो. जस्तावर चालणारे रंग काढण्याचे तयार द्रावण घ्यावे, हातमोजे व चष्मा घालून उघड्या हवेत काम करावे, आणि सुटलेला रंग जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढावा. तारेच्या ब्रशने दारांच्या नाजूक रेषा पुसट होतात. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, मुलांना दूर ठेवावे. युद्धपूर्व मोटारीत बारीक भेगा दिसल्या तर तिला हातच लावू नये. अशुद्ध जस्त आतून ठिसूळ झालेले असते.

पुनर्रंगित मोटार ‘मूळ’ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. बूड परत बसवण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूस रंगकामाचे वर्ष बारीक अक्षरांत लिहावे.