गळती, ताप आणि आवाज : डिझेल इंजिनाचं दुखणं ओळखताना

दिवाळी सरली की ऊसवाहतुकीला जोर चढतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याच्या वाटेला लागतात. एरवी नांगरट-पेरणीपुरतं राबणारं इंजिन आता महिनोन् महिने भाराखाली राहतं आणि अंगात मुरलेलं दुखणं याच दिवसांत वर येतं. पण चांगलं इंजिन सहसा एकाएकी बसत नाही. त्याआधी ते कुठेतरी गळतं, तापतं किंवा त्याचा आवाज बदलतो. या खुणा वेळेवर ओळखल्या, तर एका सीलवर किंवा होसपाइपवर भागणारं काम लायनर-पिस्टनपर्यंत जात नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण १६ ते २० पट दाबली की तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे हे तत्त्व चालतं करून दाखवलं. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि पुढे विहिरीवरच्या इंजिनांनी हेच तंत्र शेतापर्यंत पोचवलं. एवढा दाब आणि एवढी उष्णता पेलायची, तर ऑइल, पाणी आणि डिझेल या तिघांनी आपापली वाट सोडता कामा नये.

गळती : ओल दिसते तिथे उगम नसतो

ऑइल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून चेंबर ओलं दिसलं की चेंबरचंच पॅकिंग गेलं, असं धरून चालू नये. आधी थंड इंजिन स्वच्छ धुवावं, पुसून कोरडं करावं. संशयाच्या सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी आणि इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावं. मग बॅटरीच्या उजेडात पाहिलं की पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटलेली दिसते. ती रेघ जिथून सुरू होते, ते सर्वांत वरचं ओलं ठिकाण म्हणजे उगम. पुष्कळदा तो टॅपेट कव्हरच्या गॅस्केटपाशी सापडतो आणि खालचं सगळं खोलायची गरज उरत नाही.

एकाच वेळी अनेक सील पाझरू लागले, तर ब्रीदर तपासावा. तो तुंबला की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. ब्रीदर मोकळा असूनही त्यातून धुराचे लोट निघत असतील, तर रिंगा किंवा लायनर झिजल्याचा संशय घ्यावा.

डिझेलची गळती दोन परींची. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या पाइपातून डिझेल बाहेर उडतं. तिथे बोट लावून गळती शोधणं धोक्याचं आहे, कारण जुन्या इंजिनातही हा दाब शेकडो बारचा असतो, नव्या कॉमन रेल इंजिनात हजाराच्या पुढे जातो. ती चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. तसं डिझेल अंगात गेलंच, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा. दुसरी गळती टाकी आणि फीड पंपाच्या मधली. तिथे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाऊ शकते. बाहेर थेंब दिसत नाही, पण इंजिन एअर घेतं, सकाळी लवकर सुरू होत नाही, चालता चालता दम तोडतं. नुसती एअर काढून भागत नाही. ढिला बांगडी वॉशर किंवा चिरलेला पाइप शोधावा लागतो.

बाहेर न दिसणारी गळती डिपस्टिक सांगते. ऑइल दुधाळ झालं, तर त्यात पाणी मिसळतंय. पातळी वाढली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर डिझेल उतरतंय. दोन्ही वेळी इंजिन चालवू नये. अशा ऑइलने बेअरिंग टिकत नाहीत.

ताप : रेडिएटरच्या बाहेरून सुरुवात

ऊसवाहतुकीत इंजिन तापण्याचं कारण अनेकदा डोळ्यांसमोरच असतं. पाचट, धूळ आणि ऑइलचा थर रेडिएटरच्या जाळीत बसतो. तो पंख्याच्या बाजूने, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, बेताच्या दाबाने फुंकावा. जोराच्या झोताने पत्रे मुडपतात. मग फॅन बेल्टचा ताण, होसपाइप आणि रेडिएटरचं झाकण पाहावं. झाकण पाण्यावर दाब राखतं आणि त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. त्याची स्प्रिंग किंवा रबर गेलं की पाणी लवकर उकळून बाहेर पडतं. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं, तर आत क्षार साचतात. म्हणून कूलंट उत्पादकाने सांगितलेलंच वापरावं.

सगळं ठीक असूनही इंजिन तापत असेल, तर थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि हेड गॅस्केट पाहावं. पहाटे इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू करावं. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर जळलेला वायू पाण्यात शिरत असण्याची शक्यता मोठी.

काटा लाल पट्ट्याकडे सरकला की आधी भार कमी करावा आणि गाडी बाजूला घ्यावी. पाणी आणि बेल्ट शाबूत असतील, तर इंजिन थोडा वेळ मंद चालू द्यावं. पाणी संपलं असेल किंवा बेल्ट तुटला असेल, तर तत्काळ बंद करावं. गरम झाकण उघडू नये आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. त्याने हेडला तडा जातो.

आवाज : केव्हा येतो, ते आधी ठरवा

डिझेलचा खडखडाट स्वाभाविक आहे. शोधायचा तो बदल. थंडीत सुरू करताना येणारा आणि गरम झाल्यावर विरणारा आवाज फारसा चिंतेचा नसतो. वरच्या अंगाला बारीक टिकटिक आली, तर टॅपेटचं अंतर वाढलेलं असू शकतं. एकाच सिलिंडरमधून कडक ठोका आणि सोबत काळा धूर आला, तर नोझल तपासावं. टर्बोच्या गाडीत भाराखाली सूं-सूं आवाज येऊन ताकद घटली, तर हवेचा होस फाटलाय का पाहावं.

डॉक्टर छातीला नळी लावतो, तसा मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो. पंखा आणि बेल्ट यांच्यापासून दूर राहून एकेक जागा ऐकली, की आवाज वरचा, खालचा की पुढच्या टायमिंगचा, हे कळतं. साध्या पंपाच्या जुन्या इंजिनात जाणता मिस्त्री एकेका नोझलचा नट सैल करून ठोका थांबतो का पाहतो. कॉमन रेल इंजिनात असं कधीही करू नये.

एका आवाजाला मात्र तपासत बसायचं नसतं. खालून जड ठकठक आली, भार दिल्यावर वाढली आणि ऑइलचा दाब घसरला, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असं समजून त्याच क्षणी इंजिन बंद करावं. "कारखाना दोन किलोमीटरवर आहे, तेवढं नेतो," या एका वाक्यापायी क्रँक जाते, कधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

म्हणून ट्रॅक्टरमालकांना कळकळीची विनंती आहे. हंगामाच्या पहिल्या खेपेआधी इंजिन धुऊन घ्या आणि रोज सकाळी ऑइल, पाणी, बेल्ट पाहण्याची सवय लावा. आवाज थंड असताना येतो की गरम, रिकामा की भाराखाली, हे चालकाला वहीत लिहायला सांगा. आणि त्याला स्पष्ट सांगून ठेवा की खूण दिसली तर थांब, खेप चुकली तरी कोणी बोलणार नाही. इंजिनाचं मोठं नुकसान खूण दिसल्यानंतरच्या काही मिनिटांत होतं आणि त्या मिनिटांचा निर्णय चालकाच्याच हातात असतो.