पकडीवर पाचशेची नोट पडते, पण त्याच पोराच्या गुडघ्याला स्पॉन्सर का मिळत नाही?

रात्रीचे साडेअकरा. फेब्रुवारी महिना. कर्जत तालुक्यातलं एखादं गाव धरा, नाहीतर खालापूरकडचं. दिवाळीच्या सुमारास जिथे भाताची कापणी चालू होती, तिथे आता पाणी मारून, रोलर फिरवून कबड्डीचं मैदान बसवलंय. चारही कोपऱ्यांत हॅलोजन, एका बाजूला स्टेज, त्यावर पाहुण्यांच्या खुर्च्या आणि ओळीने मांडलेले चषक. माणसं बांबूच्या कुंपणाला रेलून उभी, काही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, काही शेजारच्या गच्चीवर.

यजमान गावाचे तीनच गडी मैदानात उरलेत. समोरचा भरवशाचा चढाईपटू आत शिरतो. कोपऱ्यातला पोरगा झेप घेऊन त्याचा घोटा धरतो आणि उरलेले दोघे वर पडतात. पकड! पंचांची शिट्टी विरायच्या आत माइकवरून आवाज येतो, "या पकडीसाठी आपल्या गावच्या सरपंचांकडून पाचशे एक रुपये रोख!" गर्दीतून लगेच दुसरा ओरडतो, "माझे हजार सांग!" मग तिसरा. पोरगा अजून गुडघ्यावरची माती झटकतोय आणि त्याच्या नावावर दोन-अडीच हजार जमा झालेले असतात.

बघणाऱ्याला हे खेळाचं वेड वाटतं. ते आहेच. पण नीट बघितलं तर हा पैसे उभे करायचा कार्यक्रमसुद्धा आहे. गावकऱ्यांचा उत्साह तिथल्या तिथे रोख रकमेत बदलतो.

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल संघांसाठी हेच काम हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. सीझन सुरू व्हायच्या आधी किंवा संपल्यावर संघ जेवण ठेवतो. चाहते आणि जुने विद्यार्थी पैसे भरून येतात, कंपन्या अख्खं टेबल विकत घेतात. प्रशिक्षक भाषण करतो, खेळाडू टेबलाटेबलावर जाऊन फोटो काढतात, सही केलेली जर्सी आणि बॉल लिलावात जातात. अशा पैसे देणाऱ्या चाहत्यांना तिकडे 'बूस्टर' म्हणतात आणि त्यांच्या रीतसर संस्था असतात. ड्यूक विद्यापीठाची 'आयर्न ड्यूक्स' ही संस्था १९७० पासून चालू आहे. वेड म्हणाल तर मेरीलँड विद्यापीठात १९७१ साली प्रशिक्षक लेफ्टी ड्रीझेल यांनी सराव सुरू करायची परवानगी मिळते त्या तारखेला रात्री बाराच्या ठोक्याला पोरांना मैदानात पळवलं. पुढे देशभरच्या कॉलेजांनी तोच प्रकार उचलला आणि नुसता पहिला सराव बघायला स्टेडियम भरायला लागली.

म्हणजे चाहता इथूनतिथून सारखाच. फरक आहे तो पैसा पुढे कुठे जातो यात.

तिकडच्या जेवणावळीचा पैसा जातो शिष्यवृत्तीत, सराव करायच्या जागेत, प्रशिक्षकांच्या पगारात आणि डॉक्टर-फिजिओमध्ये. थोडक्यात, वर्षभराच्या खर्चात. तिथे सगळं गोडगोड आहे असंही नाही. २०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलर घ्यायची परवानगी नव्हती, तेव्हा त्याचा प्रशिक्षक मात्र वर्षाला लाखो डॉलर कमवत होता. कोर्टात बरीच वर्षं भांडण चाललं आणि २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर अशी ठरली.

आता कर्जत-खालापूरच्या चषकाचा हिशोब बघू.

जमा बाजूला असते वर्गणी. पावतीपुस्तक घेऊन पोरं घरोघरी फिरतात. मुंबई-पनवेलला कामाला गेलेल्यांना व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड जातो. मग संघांची प्रवेश फी. मग मोठी बक्षिसं एकेका माणसाने 'पुरस्कृत' केलेली असतात. पहिलं बक्षीस एका बिल्डरकडून, दुसरं पंचायत समितीच्या माजी सदस्याकडून, चषक कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ, उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड यांना सायकल किंवा कुलर. आणि सामना चालू असताना माइकवर बोलली जाणारी इनामं वेगळीच. ती बोलली जातात तेवढी सगळी जमा होतात का, हे खजिनदाराला विचारा. तो नुसता हसेल.

खर्च बाजूला मंडप, लाइट, जनरेटर, माइक, मैदान बनवणं, पंचांचं मानधन, आलेल्या संघांचं जेवण, पाहुण्यांच्या शाली-नारळ, बॅनर, आणि अलीकडे यूट्यूब लाइव्हवाल्याचे कॅमेरे. उरलेलं बक्षिसात. सकाळी मांडववाला बांबू काढायला येतो तेव्हा मंडळाच्या हातात फार काही नसतं. कधीकधी उधारीच असते.

म्हणजे एका रात्रीसाठी गोळा झालेला पैसा त्याच रात्री संपतो. यात कुणाची लबाडी आहे असं नाही. देणाऱ्याने तो त्याच रात्रीसाठी दिलेला असतो. पहिल्या बक्षिसाबरोबर माइकवर नाव घेतलं जातं, स्टेजवर फोटो निघतो, स्टेटसला जातो. मे महिन्यात बारा वर्षांच्या पोरांना पहाटे पळवणाऱ्या प्रशिक्षकाला कुणी चहा पाजला, तर त्याचा फोटो काढायला तिथे कुणी नसतं.

आणि याची किंमत मोजतो तो मघाचा कोपऱ्यातला पोरगा.

कबड्डीत गुडघ्याचं काम काय असतं ते बघा. चढाईपटू एका पायावर दिशा बदलतो, पकड करणारा खालून घोटा ओढतो आणि वरून दोघे-तिघे अंगावर येतात. पाय जमिनीत रुतलेला आणि शरीर वळलेलं, अशा वेळी गुडघ्यातला 'एसीएल' नावाचा लिगामेंट फाटतो. पूर्ण फाटला तर वळणाचा, झेपेचा खेळ खेळणाऱ्याला बहुतेकदा ऑपरेशन करावं लागतं. नंतर व्यायाम करत परत मैदानात यायला साधारण नऊ महिने ते वर्ष. पोरगा कंपनीत कंत्राटावर असेल तर ते वर्ष बिनपगारी. म्हणून कित्येक जण ऑपरेशन टाळतात, गुडघ्याला पट्टा बांधून पुढचे दोन चषक खेळतात आणि तिसऱ्याला प्रेक्षकांत दिसतात. पकडीला हजार रुपये बोलणारा माणूस वाईट नसतो. त्याला त्या पोराचं पुढे काय झालं ते माहीतच नसतं.

दुसरी गोष्ट मैदानाची. चषक बहुतेक मातीवर होतात, पण राज्य-राष्ट्रीय स्पर्धा आणि २०१४ पासून सुरू झालेली प्रो कबड्डी मॅटवर. मॅटवर बूट घालून खेळायचं असतं, पायाची पकड वेगळी, घसरण वेगळी. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं. तेवढी मॅट घ्यायची तर खर्च लाखात जातो. तीन-चार गावांनी मिळून एक घेतली तर जमण्यासारखं आहे, पण ती ठेवायची कुठे आणि कुणाच्या ताब्यात, यावरच बैठक मोडते.

तिसरी गोष्ट कागदाची. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. घरचे पोराला कबड्डी खेळू देतात त्यामागे हे मोठं कारण असतं. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेतली कामगिरी आणि तिचं पडताळलेलं प्रमाणपत्र लागतं. गावोगावचे चाळीस चषक जिंकलेल्या पोराकडे घरी कुलर तीन असतात, पण अर्जाला जोडायला कागद नसतो. त्याला जिल्हा निवड चाचणीपर्यंत नेणं, वर्षभर तयार ठेवणं, हे काम चषकाच्या बजेटमध्ये बसत नाही.

मुलींचं तर आणखी कमी. महिलांचे सामने अनेक ठिकाणी संध्याकाळी लवकर उरकतात आणि माइकवरची इनामं रंगात येतात ती जेवणं झाल्यावर.

मग वर्षभराचा पैसा आणायचा कुठून? गंमत म्हणजे कायद्यात याची सोय आहे आणि ती याच पट्ट्याला सगळ्यात जास्त लागू पडते.

खालापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला एक्स्प्रेस वेवरचा टोलनाका आठवतो. पण हा तालुका जुना कारखानदारीचा आहे. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. पुढे खोपोली आणि रसायनी-पाताळगंगा भागात कारखाने वाढत गेले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हाच तो सीएसआर. त्याच कलमात असंही म्हटलंय की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं.

कशावर खर्च करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांचं नाव आहे. पण शब्द नीट वाचायचे. तिथे लिहिलंय या खेळांना चालना देण्यासाठी 'प्रशिक्षण'. स्पर्धा नाही, बक्षीस नाही.

एवढंच नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात सांगून टाकलं की एका वेळेपुरते कार्यक्रम, पुरस्कार, जाहिराती, असला खर्च सीएसआरमध्ये धरला जाणार नाही. नंतरच्या नियमांत आपल्या मालाची प्रसिद्धी व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिपही वगळली. म्हणजे मंडळाचे पदाधिकारी जानेवारीत कंपनीच्या गेटवर चषकाची पत्रिका घेऊन जातात, तेव्हा आतला अधिकारी फार तर जाहिरातीच्या खात्यातून पाच-दहा हजार देतो. मोठं खातं त्याच्याकडे असतं, पण ते चषकासाठी त्याला उघडताच येत नाही. तेच मंडळ "आमच्याकडे चाळीस मुलं-मुली आहेत, आठवड्याला पाच दिवस सराव, एक प्रशिक्षक, एक मॅट, सगळ्यांचा अपघात विमा, वर्षाचा खर्च एवढा" असा कागद घेऊन गेलं, तर गोष्ट कायद्याच्या चौकटीत येते.

इथे पुन्हा एक अडचण आहेच. बाहेरच्या संस्थेला सीएसआरचा पैसा घ्यायचा तर ती नोंदणीकृत हवी, तिच्याकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला हवा आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवता आला पाहिजे. दर वर्षी नव्या नावाने चषक भरवणाऱ्या मंडळाकडे यातलं काहीच नसतं. हिशोब वहीत, वही खजिनदाराकडे, खजिनदार नोकरीला तळोजाला.

यातून दोन वाटा निघतात. एक, कंपनीने हे काम स्वतः करायचं. प्रशिक्षक कंपनीने नेमायचा, मॅट कंपनीने घ्यायची, मैदान गावाचं. नियमांना हे चालतं आणि मंडळाला नोंदणीची वाट बघावी लागत नाही. दुसरी, ज्यांच्याकडे कागद आधीच तयार आहेत अशा शिक्षणसंस्थेला जोडून घ्यायचं. कर्जतला कोकण ज्ञानपीठचं महाविद्यालय आहे, खोपोलीला के.एम.सी. कॉलेज आहे, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. गावाच्या चषकात रात्री एक वाजता खेळणारा पोरगा दिवसा अशाच कुठल्या तरी कॉलेजच्या हजेरीपटावर असतो. अमेरिकेत त्या कॉलेजच्या नावाने स्टेडियम भरतं. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला प्रेक्षक म्हणून बहुतेकदा राखीव खेळाडू आणि जिमखान्याचे सर असतात, आणि त्याच पोरासाठी शिट्ट्या मारणारे हजारभर लोक गावात असतात. ही गर्दी आणि तो हजेरीपट एकत्र आणायचं काम अजून कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

मोठी कंपनी येईपर्यंत थांबायची गरजही नाही. काही मंडळी माइकवरच्या इनामाचे दोन भाग करायचं सुचवतात. पकडीला हजार बोलले की पाचशे पोराच्या हातात, पाचशे त्याच संघाच्या विम्याच्या खात्यात. गटासाठी मिळणारी अपघात विमा पॉलिसी मंडळाच्या नावावर घेता येते. फक्त घेताना कबड्डीत झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे विमावाल्याकडून लिहून घ्यायचं, कारण काही पॉलिसींत खेळाची दुखापत वगळलेली असते. सूत्रसंचालकाचं एक वाक्य वाढेल एवढंच.

महाराष्ट्रात १५ जुलै हा बुवा साळवींच्या जन्मदिवशी कबड्डी दिन म्हणून पाळतात. तेव्हा कर्जत-खालापुरात लावणीची घाई असते, मैदानाच्या जागी गुडघाभर चिखल असतो आणि चषकाचं कुणाच्या डोक्यात नसतं. मंडळांच्या बैठकी साधारण दसऱ्यानंतर सुरू होतात. पहिला विषय ठरलेला असतो, यंदा पहिलं बक्षीस किती ठेवायचं.