पायाखालचा पत्रा

संपादकांचा निरोप एवढाच होता: कोल्हापुरात उद्यमनगरला जा, जुन्या गाड्या उभ्या करणारं एखादं गॅरेज गाठ आणि चार दिवस तिथे बसून ये. माझ्या डोळ्यांसमोर आरशासारखा रंग आणि झगमगत्या पट्ट्या होत्या. शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोळात, पत्र्याच्या शेडखाली जी गाडी दाखवली तिचं दार उघडलं, तर आत सरळ जमीन दिसली. सीट काढलेल्या, मॅट काढलेली, आणि ड्रायव्हरचे पाय जिथे असायला हवेत तिथे ऑइलने काळी पडलेली फरशी.

गाडी महिंद्राची एफसी-१५० पिकअप. नोंदणी १९७१ सालची, मुक्काम वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत. आंबोलीचा घाट चढून, आजरा-गडहिंग्लज करत ती टेम्पोवर लादून इथे आणली होती. मालकाच्या वडिलांनी तिच्यातून आंब्याच्या पेट्या वाहिल्या, पावसाळ्यात चिऱ्याचे दगड वाहिले आणि मासळीही वाहिली. मालक आता साठीला आलेले. गाडी चालू होते, इंजिनाचा आवाजही दमदार आहे. पण मागच्या जूनमध्ये क्लचवर पाय दाबला आणि टाच पत्र्यातून खाली गेली.

या गाडीची मोठी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण मला ओढ होती ती टाच जिथून गेली त्या भोकाची. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. विलीज कंपनीने १९५६च्या अखेरीस अमेरिकेत ती लोकांपुढे आणली. इंजिन पुढे नाकात नाही, तर केबिनच्या आत, दोन सीटच्या मध्ये एका पेटीखाली. ड्रायव्हर इंजिनाच्या शेजारी. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जीपइतकंच, ८१ इंच. पण नाक नसल्यामुळे तेवढ्याच लांबीत मालाला ऐसपैस जागा. महिंद्रा मुंबईत विलीजच्या जीप आधीपासून बांधत होतीच. १९६५ पासून हीसुद्धा आपल्याकडे बनू लागली. अमेरिकेत तिचं उत्पादन त्याच सुमारास थांबलं, आपल्याकडे मात्र ती पुढे बरीच वर्षं राबली.

ज्यांच्यासाठी मी चार दिवसांचे नऊ दिवस केले त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. वय सत्तरीच्या अलीकडे. उजव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. टिनकामात पन्नासेक वर्षं गेली. पहिल्या दिवशी मी विचारलं, भोक केवढं आहे? ते म्हणाले, "दादा, भोक इचारू नका. भोक म्हंजे जिथं पत्रा न्हाई ती जागा. आपल्याला पत्रा कुठं हाय ते बघायचंय."

आणि ते बघायला त्यांनी डोळे वापरलेच नाहीत. एका हातात पाव किलोची हातोडी, दुसऱ्या हातात घासून टोकदार केलेला जुना स्क्रू ड्रायव्हर. गाडीखाली पाठीवर सरकून ते पत्र्यावर हलकेच ठोकत गेले. चांगला पत्रा खणखणीत बोलतो. गंज आतून पोखरू लागला की आवाज बसका होतो आणि शेवटी नुसता थप्प येतो, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. जिथे थप्प आलं तिथे टोचा. टोचा आत गेला की हाताखालचा पोऱ्या खडूने फुली मारायचा. डोळ्यांना तळहाताएवढं दिसणारं भोक तासाभरात खडूच्या फुल्यांनी दोन्ही बाजूंच्या दारांपर्यंत पोचलं होतं. वरून रंग जागच्या जागी होता. त्या रंगाखाली लोखंड नव्हतं, एवढंच.

केबिनचा तळच आधी का जातो, हे मला मामांनी गाडीतून निघालेल्या वस्तूंनी समजावलं. सगळ्यात वर रबराची मॅट. तिच्याखाली आवाज आणि उष्णता अडवायला घातलेलं किंतान. पावसात भिजलेल्या चपला, काचेच्या रबरातून झिरपणारं पाणी, दाराच्या तळाची मातीने बुजलेली भोकं, हे सगळं पाणी किंतानात जाऊन बसतं. रबर त्याला वर येऊ देत नाही, पत्रा खाली जाऊ देत नाही. सिंधुदुर्गात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात; जूनमध्ये ओलं झालेलं किंतान दिवाळीपर्यंत वाळत नाही. खालून चाकाने उडवलेला चिखल. आणि कोकणात वाऱ्यातच मीठ. मिठाच्या पाण्यातून विजेचे कण सहज वाहतात, म्हणून साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात लोखंड कितीतरी वेगाने गंजतं. मासळीच्या बर्फाचं पाणी तुडवून केबिनमध्ये चढणारे पाय हे मीठ थेट किंतानापर्यंत पोचवत होते. त्या काळच्या पत्र्यावर जस्ताचा थरही नसे. रंग निघाला की उघडं लोखंड.

पण खरी खोड वेगळीच आहे आणि तीच मला पुन्हा पुन्हा त्या गाडीखाली घेऊन गेली. तळाचा पत्रा एकेरी नसतो. त्याला ताठपणा यावा म्हणून खालून आडवे चॅनेल जोडलेले असतात, आणि जोड स्पॉट वेल्डच्या टिकल्यांचा. दोन टिकल्यांच्या मध्ये दोन पत्रे नुसतेच एकमेकांना चिकटून असतात. त्या फटीत पाणी केशाकर्षणाने ओढलं जातं आणि तिथून त्याला बाहेरची वाट नसते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. मग फट फुगते, टिकल्या उचकटतात, आणखी पाणी आत जातं. मामांनी असा एक जोड कापून माझ्या हातात दिला. दोन पत्र्यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढ्या जाडीचे तपकिरी पापुद्रे, जुन्या वहीसारखे एकावर एक. नखाने उचकटले तर पानं सुटी झाली.

या आधी ही गाडी कुणी दुरुस्त केली नव्हती असं नाही. कुणीतरी सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवून कडेने टाके मारले होते, वर डांबर ओतलं होतं. त्याखाली आणखी एक ठिगळ निघालं, त्यावर लांबी भरलेली. मामांनी तीन पिढ्यांची ठिगळं काढली. कुणाला शिवी दिली नाही. "गरिबाला गाडी सकाळी लागती," एवढंच म्हणाले. ठिगळ म्हणजे पुन्हा दोन पत्र्यांमधली फट, हे त्यांच्या बोलण्यात नव्हतं. पण ते स्वतः एकही पत्रा दुसऱ्यावर चढवत नाहीत. जुन्याच्या कडेला नव्याची कड, तोंडाला तोंड, मध्ये हॅकसॉच्या पात्याएवढी फट ठेवून जोडतात. याला चौपट वेळ लागतो.

कापण्याआधी दोन दिवस त्यांनी काहीच कापलं नाही. मला वाटलं, माल यायचा असेल. ते चौकोनी पाइप तोडत होते. दाराच्या चौकटीत वरून खाली तिरके, आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आडवे पाइप टाके मारून बसवले. केबिन आतून पिंजऱ्यासारखी दिसू लागली. तळ हा नुसता पाय ठेवायचा पत्रा नाही. दारांचे खांब खाली त्याच्यावरच उभे असतात. तो काढला की खांब दोन-तीन मिलिमीटर आत येतात किंवा बाहेर जातात, आणि त्या अवस्थेत नवा तळ जोडला तर वाकडेपणा कायमचा होतो. तो कळतो कधी? रंग झाल्यावर, दार लावताना. म्हणून पाइप. आणि पाइप लावण्याआधी माप. मामांनी दाराच्या चारही बाजूंच्या फटीत एकेक नाणं सरकवून बघितलं: कुठे एक जातं, कुठे दोन, कुठे अडतं. ते सगळं खडूने दारावरच लिहिलं.

मग बॅटरी काढली, पेट्रोलची नळी सोडवली, ओलं पोतं आणि पाण्याची बादली जवळ ठेवली आणि ग्राइंडर चालू झाला.

नव्या तळासाठी अठरा गेजचा सीआर पत्रा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा. साचा फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा. अशा गाडीचा तयार तळ इथल्या दुकानात मिळत नाही, हातानेच घडवावा लागतो. सपाट पत्रा पायाखाली डबडब वाजतो, म्हणून त्यात लांबट उंचवटे काढावे लागतात. त्याला यंत्र असतं. मामांकडे बाभळीचा ठोकळा आहे, मधोमध खाच पाडलेला. पत्रा खाचेवर धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने खाचेत उतरवत न्यायचा. एक उंचवटा उतरला की बाजूचा पत्रा आत ओढला जातो, कडा वर उचलतात. ते धरूनच त्यांनी पत्रा चारी बाजूंनी इंचभर मोठा कापला होता. सहा उंचवट्यांना अख्खा दिवस गेला. शेवटचा झाल्यावर त्यांनी पत्रा जमिनीवर ठेवला, त्यावर उभे राहिले, टाचेवर डुलले. आवाज आला नाही. पोऱ्यालाही उभं केलं. मग मलाही.

इथपर्यंत मी खुशीत होतो. अडचणी यानंतर आल्या.

डाव्या बाजूचा चॅनेल उघडा पडला तेव्हा कळलं की सडणं तळापाशी थांबलेलं नाही. पुढच्या खांबाचा पाय, जिथे दाराची बिजागरी असते त्याच्या खाली चार बोटं, आतून रिकामा झाला होता. वेल्डिंगला धरायला चांगलं लोखंड हवं. पातळ झालेल्या पत्र्याला सीओटू वेल्डिंगची ठिणगी लागली की टाका बसण्याऐवजी भोक पडतं. भोक भरायला गेलं की शेजारी दुसरं भोक. चांगलं लोखंड शोधत मामा वर वर सरकत गेले. पुठ्ठ्याचा साचा दोनदा बदलला. मालकांना सांगितलेला खर्चाचा आकडा मागे पडला. फोनवर मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही थांबू नका."

मालकांची दुसरी काळजी कागदांची. २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको. शिवाय ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. मालकांना ती बागेत न्यायची आहे, आठवड्यातून एकदा, दोन पेट्या टाकून. सडलेला तळ हाताने घडवून पुन्हा होता तसा बसवला, तर तो फेरफार की दुरुस्ती? मला विचाराल तर यापेक्षा मूळ रूप दुसरं कुठलं असेल? उंचवट्यांची संख्या, त्यांमधलं अंतर, पाणी जायच्या भोकांची जागा, सगळं मामांनी सडक्या तुकड्यांवरून मोजून घेतलं आहे. पण तपासायला येणारा माणूस मॅटखाली काय आणि कसं बघेल, याचं उत्तर त्या शेडमध्ये कुणाकडे नव्हतं.

तिसरी अडचण आभाळाची. मे संपत आला होता. ग्राइंडर मारून उघडा केलेला पत्रा दमट हवेत एका रात्रीत पिवळसर होतो, म्हणून दिवसभरात जेवढं जोडलं तेवढ्याला संध्याकाळी रेडऑक्साइड लागलंच पाहिजे. आणि जोडायची घाई करता येत नाही. टाके सलग मारत गेलं की उष्णतेने पत्रा ताणला जातो आणि लाटेसारखा उठतो. मामा इथे एक टाका मारायचे, मग हातभर लांब दुसरा, मग समोरच्या बाजूला तिसरा. प्रत्येकानंतर तळहात जवळ नेऊन ऊब बघायचे. पोऱ्याला हे बघायचा कंटाळा येतो. तो चांगला आहे, हात हलका आहे, पण पुढच्या महिन्यापासून एका शोरूमच्या वर्कशॉपला जाणार आहे. तिथे पगार ठरलेला आहे आणि अख्खा भाग बदलतात. मामांना तिथलं काम विचारलं तर ते त्याचं कौतुकच करतात. मला मात्र त्या बाभळीच्या ठोकळ्याकडे बघून चैन पडेना. तो कोणाच्या हातात जाणार?

नवव्या दिवशी पाइपांचे टाके तोडले. उजवं दार लागलं. नाणं चारही बाजूंनी गेलं, खडूने लिहिलं होतं तसंच. मामांनी ते दार सहा-सात वेळा उघडून लावलं. जुन्या गाडीच्या दाराचा तो जड, भरीव आवाज ऐकून शेजारच्या लेथवरचा कारागीर मशीन बंद करून बघायला आला.

डावं दार खाली अडलं. नाणं अर्ध्यावरच थांबलं. वेल्डिंग थंड होताना खांबाचा नवा पाय केसभर आत ओढला गेला होता. दाराची बिजागरी वाकवून हे निभावता आलं असतं. पोऱ्याने तसं सुचवलंही. मामांनी खडूचे आकडे पुन्हा वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाइप परत लाव." शेडच्या पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजू लागले होते. पोऱ्याने ताडपत्री ओढली, मी तिचं एक टोक धरलं, आणि आत मामांनी सकाळी मारलेले टाके एकेक करून कापायला घेतले.