४१० ट्वीट आणि एक सिनेमा : डेटा कुठे संपतो?

सोशल मीडियावरच्या पोस्टवर संशोधन करायचंय? मग २०१३ चा 'मेरी इज हॅपी, मेरी इज हॅपी' हा थाई सिनेमा जरूर बघा. दिग्दर्शक नवापोल थमरोंगरत्तनारित यांनी एका खऱ्या मुलीचे सलग ४१० ट्वीट घेऊन त्यावर कथा रचली. शाळेचं शेवटचं वर्ष, मैत्रीण सुरी, इयरबुकचं काम आणि एका मुलावर जडलेलं प्रेम.

ट्वीट पडद्यावर अक्षरांत उमटतात. ते झाले डेटा. दोन ट्वीटमधली रिकामी जागा मात्र दिग्दर्शकाने कल्पनेने भरलीय. दुसऱ्या कुणाला त्याच ट्वीटमधून वेगळीच मेरी सापडली असती!

आपणही हेच करतो. कुणी लिहितं 'कंटाळा आलाय', आपण कोड देतो 'एकाकीपणा'. हा कोड आपला, लिहिणाऱ्याचा नव्हे. सिनेमात ट्वीट समोर दिसतो, म्हणून प्रेक्षक पडताळू शकतो. प्रबंधातही मूळ मजकूर, कोड आणि अर्थ वेगवेगळे दिसायला हवेत. 'सलग' हा शब्दही महत्त्वाचा : सोयीच्या तेवढ्याच पोस्ट उचलल्या, तर निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

पण इथे एक पेच आहे. पोस्ट जशीच्या तशी छापली, तर शोधून ती व्यक्ती सापडू शकते. पोस्ट सार्वजनिक असली म्हणजे संमती मिळाली, असं होत नाही. म्हणून मूळ मजकूर सुरक्षित फाइलमध्ये ठेवा, मार्गदर्शकांना दाखवा. छापताना आशय आपल्या शब्दांत द्या. आणि नैतिकता समितीची परवानगी पोस्ट गोळा करण्याआधीच घ्या.