वाढदिवस लंडनमध्ये!

पुण्याच्या मीना प्रभूंचं 'माझं लंडन' वाचलं, तेव्हापासून हे शहर मनात घर करून आहे. यंदाचा वाढदिवस तिथेच! सकाळी हॉटेलच्या खोलीत आईने औक्षण केलं, पुण्याहून नेलेल्या बाकरवडीने तोंड 'गोड' झालं.

मग चॉक फार्म स्टेशनवरून चालत किंग हेन्रीज रोड, क्रमांक १०. विद्यार्थीदशेत, १९२१-२२मध्ये डॉ. आंबेडकर इथे राहिले. २०१५मध्ये महाराष्ट्र शासनाने ही वास्तू घेतली. बाहेरची निळी गोल पाटी पाहून ऊर भरून येतो. शेजारच्या प्रिमरोझ हिलवरून अख्खं लंडन दिसतं, तेही फुकट. ब्रिटिश म्युझियमचा कायमस्वरूपी संग्रहही विनाशुल्क!

डॉलिस हिलला १९३२पासूनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही आहे. मराठी माणसाने हे सगळं आवर्जून पाहावं!